एवढंच?

लोणावळ्यात कायमचं राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. एक पावसाची आणि दुसरी 'एवढंच?' या प्रश्नाची. पाऊस निदान चार महिन्यांनी थांबतो.

शनिवारी सकाळी मुंबईहून आणि पुण्याहून मोटारी निघतात आणि दुपारपर्यंत त्यांची एक अखंड माळ तयार होते. त्या माळेतला मणी होऊन तीन तास पहिल्या गिअरमध्ये काढलेला गृहस्थ एकदाचा भुशीच्या धरणापाशी पोचतो. वास्तविक हे धरण रेल्वेनं आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. पुढेमागे इथे माणसं पायऱ्यांवर बसून भिजतील आणि भिजता भिजता भाजलेली कणसं खातील, अशी रेल्वेला कल्पना असण्याचं काही कारण नव्हतं. पण हा गृहस्थ पाण्याकडे बघतो, पायऱ्यांकडे बघतो, शेवटी बायकोकडे बघतो आणि म्हणतो, "एवढंच?"

मग तो टायगर पॉइंटला जातो. तिथे इतकं धुकं असतं की हातभर अंतरावरचा सख्खा मेहुणा दिसत नाही. तरीही न दिसलेल्या दरीला तो 'एवढंच?' म्हणतो. भाज्याची लेणी सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी कोणी छिन्नी-हातोडा घेऊन डोंगरात कोरली. एक जण माझ्यादेखत पायऱ्या चढून वर आला, चैत्यगृहासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला आणि सहाव्या मिनिटाला खाली निघाला. जाताना तिकीटवाल्याला विचारलं, "एवढंच?" बावीसशे वर्षांत त्या दगडांचा इतका अपमान झाला नसेल.

गेल्या पावसाळ्यापर्यंत माझी समजूत अशी होती, की हा रोग बाहेरगावच्या पाहुण्यांचा आहे. सोमवारी पाहुणे गेले की रोगही जातो. ऐन श्रावणात तो माझ्या घरात निघाला.

आमचे नातू पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. सुट्टी मिळाली की पाठीवर बोचकं टाकून लोकलनं लोणावळ्याला येतात. बोचक्यातले मळके कपडे आजीसाठी असतात आणि लॅपटॉप स्वतःसाठी असतो. त्या लॅपटॉपवर तो जे खेळतो त्याबद्दल माझं मत कोणत्याही निवृत्त मास्तराचं असतं तेच होतं. पडद्यावर एक बंदूक असते. तिच्यामागे माणूस नसतो, नुसते दोन हात असतात. समोर येईल त्याला उडवायचं आणि सगळे उडवून झाले की पुन्हा पहिल्यापासून उडवायला घ्यायचं. यात आनंद कोणता, हे मी एकदा विचारलं होतं. "आबा, तुम्हाला नाही कळणार," असं उत्तर मिळालं. हे उत्तर मी स्वतः तीस वर्षं वर्गात देत आलो असल्यामुळे मला त्यावर बोलता येईना.

पण त्या संध्याकाळी खोलीतून गोळ्यांचा आवाज येईना. बारीक आवाजात काहीतरी वाद्य वाजत होतं. काळजी वाटून डोकावलो.

"काय रे, बंदूक बिघडली का?"

"हा तसला गेम नाही, आबा. ह्यात डोंगर चढायचा."

खिडकीबाहेर अख्खा सह्याद्री उभा होता. आणि हा पठ्ठ्या पलंगावर पालथा पडून, चिवडा खात, पडद्यावरचा डोंगर चढत होता! मी काही बोलणार होतो, पण तेवढ्यात पडद्यावरच्या पात्राकडे लक्ष गेलं. ती एक पक्षीण होती. बूड टेकवून मी बघत बसलो.

खेळाचं नाव 'अ शॉर्ट हाइक'. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू नावाच्या कॅनडातल्या माणसानं तो केला आणि २०१९ साली तो आला. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. क्लेअर नावाची ही पक्षीण सुट्टीत मावशीकडे एका बेटावर आलीय. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायचीय आणि बेटावर फोनला रेंज नाही. रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. म्हणून चढायचं. वाटेत कुणाचा डोक्याचा पट्टा हरवलेला असतो तो शोधून द्यावा, कुणा मुलाला शिंपले वेचून द्यावेत, वाटलं तर गळ टाकून मासे धरावेत. सोनेरी पिसं सापडली की जास्त उंच चढता येतं. कोणी कोणाला मारत नाही. रेंजसाठी डोंगर चढायचा, ही कल्पना मावळातल्या माणसाला मुळीच नवलाची नाही. आमच्याकडे कित्येक वाड्यांवर अजून तीच पद्धत आहे.

दीड तासात नातू माथ्यावर पोचला, खाली उडत आला, आणि खेळ संपला. त्यानं चिवड्याची वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "एवढंच?"

मी दचकलो. पण खरा धक्का पुढेच होता.

"दोन तासांच्या आत संपला ते बरंय. रिफंड टाकतो."

"म्हणजे काय करतोस?"

"पैसे परत मागतो. खरेदी करून चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर परत देतात."

"पण तू तो अर्धवट टाकलास कुठे? पुरा खेळलास की!"

"हो. पण दोन तासांच्या आत खेळलो ना!"

खानावळीत बसून चटणीपासून ताकापर्यंत ताट पुसून खायचं, बडीशेप तोंडात टाकायची, आणि मग गल्ल्यावर जाऊन 'पाऊण तासात संपलं, पैसे परत द्या' म्हणायचं, असाच हा प्रकार. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात चवीला तुकडा देतात. एका दुकानात शेंगदाण्याचा, पुढच्यात तिळाचा, त्यापुढच्यात काजूचा असं करत बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोट भरणारी माणसं मी पाहिली आहेत. पण पाव किलोचा पुडा घरी नेऊन, खाऊन, रिकामा कागद परत करणारा अजून पाहिलेला नव्हता. तो माझ्याच रक्ताचा निघावा!

हे सगळं मी त्याला ऐकवलं. नातू शांत होता. त्यानं मला हिशेब सांगितला. अमुक एक खेळ आहे, त्याला शंभर तास लागतात. किंमत भागिले तास केलं की तो किती स्वस्त पडतो बघा. आणि हा पाचशे रुपयांच्या आतला असला तरी दीड तासाला महाग. मी उत्तर देणार तोच वीज गेली, तिच्याबरोबर नेट गेलं, आणि पैसे परत मागण्याचं काम तहकूब झालं. पहाटे तो मित्रांबरोबर दोन दिवस राजमाचीला निघून गेला.

लॅपटॉप घरीच होता. त्याचा पासवर्ड आजीचं नाव आहे, ही बातमी मला त्या दिवशी कळली. (माझं नाव आमच्या घरात कोणत्याही कुलपाला नाही.) मी खेळायला बसलो तो नातवाचं म्हणणं खोडून काढायला. पहिला तास क्लेअरला समुद्रातून बाहेर काढण्यात गेला. उडी मारायचं बटण आणि पंख पसरायचं बटण यांतला संबंध मला समजायचा आणि लगेच विसरायचा. "अहो, तिला त्या झाडावर आपटू नका," असं ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. मी शिंपले वेचले. एक मासा धरला आणि सोडून दिला. दोन वेळा चहा गार झाला. वाट चुकून मी डोंगराच्या भलत्याच बाजूला गेलो आणि तिथे एकानं मला नाव चालवायला दिली, ती मी खडकावर घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माथ्यावर पोचलो आणि फोन वाजला. फोन क्लेअरच्या आईचा होता. तिचं ऑपरेशन झालेलं असतं. ती सांगते की ठीक झालं, काळजी करू नकोस.

इथे मला खेळ थांबवावा लागला.

१९७४ साली मी पवन मावळातल्या एका शाळेत मास्तर होतो. पवना धरण नुकतंच झालेलं. पुण्यात आईचं ऑपरेशन होतं आणि रजा मिळाली नव्हती. त्या दिवशी शाळा सुटल्यावर सायकल काढली आणि पावसातून कामशेतचं पोस्ट गाठलं. मामाच्या कचेरीत फोन होता, तिथला ट्रंक कॉल लावला. अर्जंटला दुप्पट पैसे पडत, ते भरले. दीड तास बाकावर बसून होतो. धोतराचं पाणी गळून बाकाखाली थारोळं झालं होतं. शेवटी पोस्टमास्तरांनी हाक मारली. तिकडून मामाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "झालं ऑपरेशन. शुद्धीवर आलीय. तू जेवलास का विचारतेय." मी जेवलो होतो की नाही हे मला आठवेना. मी काहीतरी बोललो, मामा काहीतरी बोलला, आणि मध्येच ऑपरेटर म्हणाला, तीन मिनिटं झाली. फोन बंद.

मी पोस्टमास्तरांना 'एवढंच?' असं विचारलं नाही.

नातू राजमाचीहून परत आला तो चिखलानं माखून. अंघोळीआधी त्यानं लॅपटॉप उघडला आणि किंकाळी फोडली. खेळलेल्या वेळाची नोंद आपोआप होते, हे मला काय माहीत! ती नोंद बारा तासांच्या पुढे गेली होती. त्यातला दीड तास त्याचा. बाकीचा माझा, समुद्रातल्या वेळेसकट.

"आबा! आता रिफंड मिळणार नाही! तुम्ही माझे पैसे बुडवलेत!"

मी पाकिटातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. मग त्याचाच हिशेब त्याला मांडून दाखवला. किंमत भागिले तास. तुला जो खेळ महाग पडला तोच मला जवळजवळ फुकट पडला. म्हणजे खेळणारा जितका मंद, तितका खेळ स्वस्त. हे शास्त्र असेल तर आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांना शिक्षण सर्वांत स्वस्त मिळालं म्हणायचं. एकेका इयत्तेत तीन-तीन वर्षं, फी तीच.

त्यानंतर आम्ही रीतसर भांडलो. साक्षीपुरावा म्हणून त्यानं अशा लहान, विचित्र खेळांवर खेळणाऱ्यांनी लिहिलेली मतं मला वाचून दाखवायला घेतली. ती इतकी निघाली की मी मास्तरकीच्या सवयीनं त्यांची वर्गवारी केली. तीन पंथ सापडले.

पहिला हिशेबी पंथ. रुपये भागिले तास मानणारा. यांना माझं एकच विचारणं आहे. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं जोडत, तेवढ्या थांब्यात आपण सगळ्यांनी बटाटेवडा खाल्लेला आहे. तो तीन मिनिटांत संपतो. तेवढ्याच पैशांत सुपारी घेतली तर ती पुण्यापर्यंत चघळता येते. म्हणून सुपारी वड्यापेक्षा श्रेष्ठ, असं आजवर कोणी म्हटलंय का? आणि ज्या शंभर तासांच्या खेळाचं नातू कौतुक करतो, त्यातले किती तास चघळण्याचे असतात, हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. तेच तेच लाकूड तोडायचं, त्याच त्या गुहेत पुन्हा जायचं. त्याला ते लोक 'कंटेंट' म्हणतात. आम्ही वर्गात त्याला 'शंभर वेळा लिहून आण' म्हणत होतो, आणि ती शिक्षा होती.

दुसरा पंथ 'हा गेमच नव्हे' वाल्यांचा. यात मरण नाही, शत्रू नाही, गुण नाहीत, नुसतं चालायचं. अशा खेळांना हिणवायला त्यांनी 'वॉकिंग सिम्युलेटर' असं नाव काढलं. पायी चालणं ही शिवी कधीपासून झाली? आमच्या शेजारच्या देहूहून दर आषाढीला माणसं पंढरपूरपर्यंत चालत जातात. त्यांना गुण मिळत नाहीत, वरची पातळी उघडत नाही, वाखरीला कोणी राक्षस आडवा येत नाही. त्यांना जाऊन सांगा की हा खेळच नव्हे. आणि गंमत हवी असेल तर तीही आहे. मेलबर्नच्या चौघांनी २०१९ साली 'अनटायटल्ड गूस गेम' काढला. त्यात आपण एक बदकासारखा हंस असतो आणि एका टापटीप गावात जाऊन माळ्याच्या किल्ल्या पळवणं, लोकांना दचकवणं, असा निव्वळ आगाऊपणा करायचा असतो. मी त्यातली थोडी कामगिरी पार पाडली. शनिवारी लोणावळ्यात सोडायला असा एखादा हंस मिळाला तर हवा आहे.

तिसरा पंथ मला सर्वांत घातक वाटतो. 'गोड आहे हो' म्हणणारांचा. छोटासा, गोंडस, वेळ बरा जातो. लहान मुलाच्या गालाला हात लावून पुढे जावं तशी ही स्तुती. जे लहान ते हलकंच असणार, असं यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

मग ऐका. 'फ्लॉरेन्स' नावाचा एक खेळ २०१८ साली निघाला. अर्ध्या तासाचा. फ्लॉरेन्स नावाची मुलगी, आणि क्रिश नावाचा चेलो वाजवणारा मुलगा. नावावरून ओळखलं असेल, मूळ आपल्याकडचाच. पहिल्या भेटीत दोघांना बोलायचं असतं तेव्हा बोलण्याचा फुगा पुष्कळ तुकड्यांत येतो. ते तुकडे आपण जुळवायचे, मग वाक्य पुरं होतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. पुढे भांडण होतं तेव्हा त्याच तुकड्यांना टोकं फुटतात. पन्नास वर्षं संसार केलेला माणूस मी, पण नवराबायकोचं बोलणं कसं जमतं आणि कसं बिनसतं, हे मला इतकं सरळ कोणी दाखवलं नव्हतं. ही शेजारी लसूण सोलत बसली होती. पडद्याकडे बघून म्हणाली, "आपला फुगा हल्ली रिकामाच असतो." मग जरा वेळानं म्हणाली, "पण जुळवायला लागत नाही, हे बरंय."

आणि 'वेन्बा'. २०२३ साली टोरांटोतून आलेला. कॅनडात गेलेली एक तमिळ बाई, आईची स्वयंपाकाची वही फाटलेली, अक्षरं पुसलेली. तिच्यावरून इडली कशी करायची ते आपण ताडायचं. आणि इकडे मुलगा मोठा होत होत आईच्या भाषेपासून लांब जातो. आमची धाकटी न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा आजीशी फोनवर 'हाय' आणि 'बाय' या दोन शब्दांत सगळं बोलतो. 'वेन्बा' संपल्यावर ही न बोलता उठली आणि तिनं आपली पाककृतींची वही कपाटातून काढून, फाटलेली पानं चिकटवायला घेतली. हा खेळ दीड तासाचा आहे. 'गोड आहे हो' म्हणणारांनी हा खेळ माझ्या धाकटीच्या घरी बसून खेळावा, असं माझं त्यांना आमंत्रण आहे.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या खेळकर्त्यांसाठी 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल' म्हणून एक मानाचा सोहळा असतो. त्याचं सर्वोच्च पारितोषिक २०२० साली 'अ शॉर्ट हाइक'ला आणि २०२४ साली 'वेन्बा'ला मिळालं. म्हणजे परीक्षकांनी घड्याळ लावलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकासाठी पोरं एकांकिका करतात. पडदा पडल्यावर एकही प्रेक्षक 'दुसरा अंक कधी?' म्हणून विचारत नाही, की अर्धं तिकीट परत मागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' ही ठुमरी जुन्या तबकडीच्या एका बाजूवर बसते, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांत. माझ्या वडिलांनी ती तबकडी झिजवली, पण दुकानदाराकडे परत नेली नाही. असल्या घरातला मुलगा दीड तासाच्या खेळाला 'एवढंच?' म्हणतो, तेव्हा चूक त्याच्या शिक्षणात आहे. ते शिक्षण मीच दिलेलं असल्यामुळे हा मुद्दा मी त्याच्यासमोर फार ताणला नाही.

त्याऐवजी मी त्याला 'राजी'ची गोष्ट सांगायला लावली. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ आपल्या पुण्यातला. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या मंडळीनं केलेला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणी मागून पाहिली, ती पुरी जमली नाही. खेळ पुरा व्हावा म्हणून संस्थापकांपैकी एका बाईंनी आपला फ्लॅट विकला. २०२० साली खेळ बाहेर आला, राजस्थानी वास्तूंसारखे महाल, भावाला शोधणारी बहीण, दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलताहेत. जगभर त्याचं नाव झालं. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. आणि मतं देणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा आली. लहान आहे.

आता इथे मी नातवाच्या बाजूचंही थोडं मान्य करतो, नाहीतर हे भांडण एकतर्फी होईल. 'राजी'चा शेवट एकाएकी येतो, असं पुष्कळांनी म्हटलं, आणि नातवानं तो शेवट मला दाखवल्यावर मलाही तसंच वाटलं. ती तक्रार रास्त आहे. पण ती लांबीची तक्रार नव्हे. आखूड आणि आटोपशीर हे दोन निरनिराळे शब्द मराठीत उगीच नाहीत. बाही कोपरापर्यंत शिवलेली असली तर आटोपशीर. शिंप्याला कापड पुरलं नाही म्हणून कोपरापाशी थांबली तर आखूड. गिऱ्हाइकानं विचारायचं ते हे, की पुरी शिवलीय का? किती वार कापड लागलं, हे नव्हे. हेही मान्य, की हाताशी मोजके पैसे असलेल्या पोरानं ते मोजून खर्चावेत. मीही त्या वयात चित्रपटाच्या दारावर 'किती रिळांचा?' म्हणून विचारलेलं आहे. तर लहान खेळ न घेण्याचा त्याला पुरा हक्क आहे. सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळेपर्यंत थांबण्याचाही आहे. थोडा खेळून आवडला नाही म्हणून परत करण्याचाही आहे. स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानानं २०१५ साली ही परतीची सोय काढली ती गिऱ्हाईक फसू नये म्हणून, आणि ती फुकटात खेळ मिळवण्यासाठी नाही, असं त्यांच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. पण शेवटापर्यंत खेळायचं, डोळे पुसायचे आणि मग घड्याळ दाखवून पैसे मागायचे, याला हिशेब म्हणत नाहीत.

हे मी हवेत बोलत नाही. २०२१ साली एमिका गेम्स या नावानं काम करणाऱ्या एकट्या माणसानं 'समर ऑफ फिफ्टी-एट' नावाचा भुताचा खेळ काढला. लोकांना आवडला, मतं चांगली आली. पण खेळ दोन तासांच्या आत संपत होता, आणि आवडलेल्या लोकांनीसुद्धा तो पुरा खेळून परत केला. इतक्या जणांनी, की पुढचा खेळ करायला त्याच्याजवळ पैसे राहिले नाहीत, आणि आपण अनिश्चित काळासाठी हे काम सोडतो आहोत, असं त्यानं जाहीर केलं. नातवानं मला हे वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज शेवटी शेवटी जरा खाली आला होता. मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "आणि मग लोक म्हणतात, सगळे गेम सारखेच का असतात." एवढं वाक्य तो आपण होऊन बोलला, याची नोंद इथे मुद्दाम करून ठेवतो.

दोन दिवसांनी उघडीप मिळाली. मी त्याला लोहगडावर घेऊन गेलो. म्हणजे खरं तर त्यानं मला नेलं, गुडघे माझे होते. लोहगडवाडीपासून गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा असा पायरी-पायरीनं वर चढलो. प्रत्येक दरवाजात मी इतिहास सांगण्याच्या निमित्तानं दम घेतला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हा आहे, हे मी त्याला हनुमान दरवाजात सांगितलं, कारण तिथे दम जास्त लागला होता.

वर विंचूकाट्याकडे जाऊन बसलो. खाली पवनेचं पाणी पसरलं होतं. त्याच्या फोनला चांगली रेंज आली आणि पहिल्याच मिनिटाला त्याच्या आईचा फोन वाजला. पोचलास का, आबांना धाप लागली का, जेवलात का. एरवी तो आईला 'हो, हो, ठेवतो' यात उरकतो. त्या दिवशी बराच वेळ बोलत होता. मी पाण्याकडे बघत बसलो.

तेवढ्यात मागून पाचसहा जणांचं टोळकं आलं. काठावर उभं राहिलं, फोटो काढले, आणि त्यांतला एक जण म्हणाला, "बस? एवढंच?"

मी तोंड उघडणार होतो. पण नातवानं फोनवर हात ठेवला, मागे वळून म्हणाला, "अहो, बसा की जरा वेळ. काय घाई आहे?" त्यातले दोघे बसले.

उतरताना मळवली स्टेशनावर लोकलची वाट बघत होतो, तेव्हा तो फोनवर काहीतरी टिपत होता. मला दाखवलं. 'अ शॉर्ट हाइक'वर त्यानं आपलं मत लिहिलं होतं. दोनच ओळी. लहान आहे, पुरा आहे, घ्या. मी म्हटलं, "उत्तम. छाप."

त्यानं छापलं, आणि लगेच कपाळावर हात मारला. प्रत्येकाच्या मतावर त्यानं किती तास खेळला ते आपोआप छापून येतं. आसपासच्या लोकांच्या मतांवर दीड तास, दोन तास, फार तर तीन. याच्या मतावर बारा.

"आबा, लोकांना वाटेल मी ढ आहे!"

"वाटू दे," मी म्हटलं. "पैसे वसूल झाले ना!"